काळ्या कातळाचं बेट

मॉरिशसच्या उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. काही नुसतेच रचलेले, काही भिंतीसारखे लांबच लांब, काही पायऱ्यापायऱ्यांचे. ज्वालामुखीने घडवलेल्या या बेटाची जमीन दगडांनी भरलेली होती. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवेत. ते हातांनी वेचले गेले, डोक्यावरून वाहिले गेले आणि शेताच्या कडेला किंवा मधोमध रचून ठेवले गेले. पश्चिम किनाऱ्यावर तामारिनच्या बाजूला आम्ही दोघं ज्या व्हिलामध्ये राहिलो, तिच्या वाटेवरही असा एक ढीग होता. त्यावर वेल चढले होते.

हॉटेल न घेता व्हिला घ्यायची, हे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवलं होतं. संसाराची धावपळ सरल्यावर दोघांनी निवांत राहायचं तर स्वतःचं स्वयंपाकघर हवं, सकाळच्या चहाला घड्याळ नको आणि व्हरांड्यात तासभर काही न बोलता बसता आलं पाहिजे. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे भाड्याने गाडी घेऊन हिंडणंही सोपं गेलं. बाजारात दुधी, दोडका, भेंडी, कारली सगळं मिळालं. शेवग्याच्या पाल्याची जुडी मिळाली. तिथले लोक तो पाला रोजच्या जेवणात खातात. परक्या देशात आपल्या हातची भाजी फोडणीला टाकताना ती जागा चार दिवसांपुरती का होईना, घर होते. माझ्या मते व्हिलाचं खरं सुख हेच आहे. पोहण्याचा तलाव होता, पण त्यात आम्ही फारसे उतरलोच नाही.

नवऱ्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. दगड दिसला की तो हातात घेतल्याशिवाय त्याला राहवत नाही. ढिगाजवळ उभा राहून तो म्हणाला, "अगं, हा तर आपलाच कातळ." हे नुसतं प्रेमापोटी म्हटलेलं नव्हतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार आणि सह्याद्री ज्या लाव्हारसातून उभे राहिले, तो ज्या तप्त स्थानातून वर आला, त्याच स्थानाने पुढे मालदीव, मॉरिशस आणि रियुनियन ही बेटं घडवली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला, तप्त स्थान मागे राहिलं. आज ते रियुनियन बेटाखाली जागं आहे. मॉरिशस त्या मानाने तरुण, ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा काळा दगड आणि या शेतातला काळा दगड यांचं मूळ एक, ही गोष्ट कळल्यावर आमचं फिरणंच बदललं.

शामारेलची सप्तरंगी माती पाहिली. लोखंड आणि अॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे कातळाच्या मातीला विटकरी, तपकिरी, जांभळट छटा येतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ती सुंदर दिसते. पाँप्लमूसच्या बागेत परातीएवढी नव्हे, माणूस आडवा झोपेल एवढी कमळाची पानं पाहिली. डॉल्फिन पाहायला मात्र गेलो नाही. तामारिनच्या खाडीत डॉल्फिन सकाळी विश्रांतीला येतात. रात्रभर खोल समुद्रात शिकार करून थकलेले असतात. त्यांच्याभोवती होड्यांचा गराडा घालून पाण्यात उड्या मारायच्या, हे आम्हा दोघांनाही पटलं नाही. किनाऱ्यावरून लांबून जेवढं दिसलं तेवढं पुरे झालं.

नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा डोंगर आहे. साडेपाचशे मीटर उंचीचा, समुद्रातून सरळ उठलेला कडा. पर्यटनाच्या जाहिरातीत तो निळ्या पाण्यामागे दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, किती छान पार्श्वभूमी आहे! पण आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेले गुलाम मळ्यांमधून पळून या कड्याच्या कपारींमध्ये लपत. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. सुटकेची बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा पुन्हा पकडायला आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथल्या लोकांची आठवण आहे. कागदोपत्री पुरावा किती, हा इतिहासकारांचा प्रश्न. ज्यांचे पूर्वज तिथे लपले ते लोक ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत आले, हे मला पुरेसं वाटतं. २००८ साली हा डोंगर जागतिक वारसा ठरला. आम्ही पायथ्याशी फार वेळ उभे होतो. पलीकडे पतंगाच्या दोरीवर लाटांवरून धावणारी तरुण मुलं होती, त्यांचं हसू ऐकू येत होतं. दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर होत्या.

गुलाम मोकळे होणार म्हटल्यावर मळेवाल्यांना नवे हात हवे होते. ते हिंदुस्थानातून आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजातून पहिले छत्तीस मजूर उतरले. पुढच्या आठ दशकांत साडेचार लाखांहून अधिक आले. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या ठिकाणी त्यांची नोंद होई, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. मूळ इमारतींचा थोडाच भाग उरलाय: दगडी खोल्या, दवाखान्याची जागा आणि बंदराकडून वर येणाऱ्या पायऱ्या. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मळ्याबाहेर पडायचं तर पास जवळ हवा. आणि माणसाचं पहिलं नावच कारकुनाच्या वहीत जाऊन पुढे सगळ्या घराण्याचं आडनाव होऊन बसे.

या लोकांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. रत्नागिरी आणि आसपासच्या गावांमधून बरेच गेले. त्यांनी दगड वेचले, ऊस तोडला, आणि त्याच उसाची साखर मुंबईच्या बंदरात उतरली. आपल्या पणज्यांच्या तोंडी असलेली मोरस साखर ती हीच. आमच्या घरी मोरस साखरेचा विषय निघाला की स्वदेशीच्या दिवसांत ती कशी वर्ज्य होती, एवढंच बोललं जाई. ती पिकवणारे हात कोकणातले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घाटाच्या त्या पायऱ्यांपाशी मला फार भरून आलं. नवरा शेजारी होता, त्याने काही न बोलता हात धरला.

त्या मराठी कुटुंबांच्या वस्त्या बहुतेक पश्चिमेला आणि मधल्या पठारावर: कास्काव्हेल, व्हाकोआ, ब्लॅक रिव्हर. म्हणजे आमच्या व्हिलापासून जवळच. शाळांमध्ये मराठी शिकवली जाते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी विभाग आहे, आणि मजुरांच्या नोंदीही तिथेच जतन केल्यात. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते. गणपतीपुढे जाखडी नाचतात, तीच आपल्या कोकणातली. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल बोलतात. मला याचं वाईट वाटलं नाही. इतक्या पिढ्या आणि एवढा समुद्र मध्ये असताना जे टिकलं ते किती मोठं आहे, असंच मनात आलं.

एका गोष्टीचा विचार अजून सुटत नाही. साखरेचे जुने दर गेले, ऊस परवडेनासा झाला आणि २००२ पासून परदेशी माणसांना ठरावीक वसाहतींमध्ये बंगले विकत घेण्याची मुभा मिळाली. मळ्यांच्या कितीतरी जमिनी अशा वसाहती झाल्या. आमची व्हिलाही अशाच जमिनीवर. ज्यांनी ती मोकळी केली त्यांच्या पणतवंडांना ती परवडण्यासारखी नाही. त्यातली काही तिथे बागकाम करतात, स्वयंपाक करतात. पर्यटनावर तिथली हजारो घरं चालतात, हेही तितकंच खरं. म्हणून मला वाटतं, व्हिलात जरूर राहावं, पण खरेदी गावच्या बाजारात करावी, जेवावं रस्त्यावरच्या गाडीवर. ढोल पुरी खावी, डाळ भरलेली पातळ पोळी, दोन-दोनची जोडी, वर घेवड्याची उसळ आणि तिखट. आणि रविवारी फ्लिक आं फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जावं. तिथे आपल्या कोकणासारखंच सुरूचं बन आहे. बनाच्या सावलीत आख्खी कुटुंबं पातेली घेऊन येतात, बिर्याणी वाढली जाते, कुणीतरी रावान नावाचा डफ वाजवायला लागतं आणि आजीबाईंपासून नातीपर्यंत सगळ्या सेगा नाचतात. आम्हाला हाक मारून बसवून घेतलं, ताटली हातात दिली.

तरुण जोडपी लग्नानंतर मॉरिशसला जातात, त्यांना चार-पाच दिवसांत निळं पाणी आणि दोन-तीन ठरलेली ठिकाणं दाखवली जातात. त्यांनी पोर्ट लुईच्या घाटासाठी एक सकाळ राखून ठेवावी. तिथलं प्रदर्शन पाहायला दोन तास पुरतात. ज्यांच्या घरात कुणी एक पूर्वज 'बोटीवर गेला तो परत आलाच नाही' अशी गोष्ट आहे, त्यांनी निघण्याआधी त्याचं गाव, बापाचं नाव आणि अंदाजे साल लिहून घ्यावं. मोका इथल्या नोंदींमध्ये शोध घ्यायला तेवढ्यापासून सुरुवात होते. आणि जमल्यास भाद्रपदात जावं. तेव्हा तिथे थंडी सरत आलेली असते, ऊस तोडणी चालू असते आणि गणपती बसलेले असतात. आम्ही दोघं पुढच्या वेळी तेव्हाच जाणार आहोत.