एजंटसाठीही नीट लिहा



एआय एजंट वेबपान पाहून आपोआप शिकतो, त्याच्यासाठी वेगळी माहितीपुस्तिका कशाला, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा मुद्दा मला मुळीच पटला नाही.

ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट या साधनाचेच घ्या. ते एजंटला जोडून देणारा त्याचा एमसीपी सर्व्हर एजंटला मुख्यतः पानाचे चित्र देत नाही. बटणे, रकाने, दुवे यांची रचना मजकुरात देतो आणि त्यातल्या घटकांना 'ई12' अशासारख्या खुणा लावतो. पान बदलले की जुन्या खुणेवर भिस्त ठेवता येत नाही, नवा स्नॅपशॉट, म्हणजे त्या रचनेची ताजी प्रत, घ्यावा लागतो. माणसाला एकदा ठेच लागली की हे लक्षात राहते. एजंटची पाटी मात्र नव्या सत्रात सहसा कोरीच असते. 'पान बदलल्यावर नवा स्नॅपशॉट घ्या' ही एक ओळ साधनाच्या वर्णनात लिहिलेली नसेल, तर तो जुन्या खुणेपाशीच अडकू शकतो.

म्हणून साधनाचे 'क्लिक करते' एवढे वर्णन पुरत नाही. साधन कधी वापरावे, चुकल्यास पुढे काय, आणि पैसे भरण्याआधी किंवा नोंद पुसण्याआधी माणसाला विचारायचे की नाही, हे स्पष्ट हवेच. ब्राउझर चाचणीचे जुने साधन सेलेनियम, त्याचा जन्म 2004 मधला. तेव्हा असे वर्णन वाचणारा माणूसच होता; आता एजंटही वाचतो.

अशी साधने बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती: कोडइतकेच लक्ष या वर्णनाकडेही द्या.

– एक सॉफ्टवेअर चाचणीकार, पुणे