पंचाहत्तर टक्क्यांची चाळणी आणि जबलपूरच्या विड्या

मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून पदवी पातळीवर नवे शैक्षणिक धोरण लागू केले आणि जबलपूरच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर चौथ्या वर्षीच्या संशोधन-प्रबंधाची वाट खुली झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात १६० श्रेयांकांपैकी १२ या प्रबंधासाठी आहेत. अट एकच: पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण. इतरांनी त्याऐवजी तीन विषय घ्यावेत. अट न्याय्य भासते, पण ती मोजते भलतेच.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीला शोधायचे आहे, की जबलपुरात घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या हातात हजार विड्यांमागे खरोखर किती मजुरी पडते. दर ठरलेला असतो; पण खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात आणि पाने कमी पडली तर पदरमोड करावी लागते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची घरनिहाय माहिती विनामूल्य मिळते. मात्र २०२४ पर्यंत त्याची रचना जिल्हानिहाय अंदाजांसाठी नव्हती, त्यामुळे त्यातून या प्रश्नाचे उत्तर निघणार नाही. दारोदार फिरण्याला पर्याय नाही.

तिने १०० घरे गाठली आणि निम्म्या घरांनी ‘मजुरी कापली जाते’ असे सांगितले. घरे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली असली, तरी खरे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ही अनिश्चितता निम्मी करायला घरे दुप्पट नव्हे, चौपट लागतात. आणि ती घरे कंत्राटदारानेच दाखवलेली असतील, तर ४,००० घरे फिरूनही दोष तसाच राहतो. बिघडलेल्या तराजूवर तीच वस्तू हजारदा तोलली म्हणून वजन खरे होत नाही. भौतिकीच्या प्रयोगशाळेत हे पहिल्याच वर्षी अंगवळणी पडते.

हे शहाणपण कोणत्या प्रश्नपत्रिकेत तपासले जाते? सत्र परीक्षा ठाऊक असलेल्या उत्तरांना गुण देते, प्रबंध मात्र उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नापासून सुरू होतो. महूला जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते; १९१५ मध्ये त्यांनीच कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवहारावर प्रबंध सादर केला.

मार्गदर्शक प्राध्यापक मोजकेच, तेव्हा निवड करावीच लागेल, हा आक्षेप खरा आहे. मग निवड दोन पानांच्या संशोधन-प्रस्तावावर आणि अर्ध्या तासाच्या चर्चेवर व्हावी. कोणती घरे निवडणार, का निवडणार आणि निष्कर्ष कशाने खोटा ठरेल, एवढे विचारले तरी पुरे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.साठीही आयोगाच्या २०२२ च्या नियमांत तोच ७५ टक्क्यांचा उंबरठा आहे. पहिल्या दारात अडलेली विद्यार्थिनी दुसऱ्या दारापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमीच, आणि विड्यांच्या मजुरीचा प्रश्न तिच्या वहीतच राहतो.