पराभवाचे फुकट कौतुक

निवडणूक हरलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक टिंगलीचा, दुसरा कौतुकाचा. सध्या दुसऱ्याची चलती आहे. एका लेखकमहाशयांनी नुकताच तो असा काही आळवला आहे की त्याला उत्तर देणे भाग आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी लढले आणि हरले. ते खचले नाहीत. दोन वर्षांत राज्याच्या विधिमंडळात गेले, आणखी दोन वर्षांनी अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. म्हणजे पराभव ही विजयाची पायरी असते. सबब जुन्नर तालुक्यातल्या घाटघरच्या तरुणानेही राज्याच्या सर्वोच्च पदाचे स्वप्न पाहावे, लढावे, हरावे आणि पुन्हा लढावे. उदाहरणासाठी घाटघरच का निवडले, याचा खुलासा त्यांनी केलेला नाही. तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधनाच्या पायथ्याशी असलेल्या गावाला उपदेश केला की उलट उत्तर यायला वेळ लागतो, हे एक कारण असावे.

ठाणेदारांचे जे आहे ते आधी त्यांच्या पदरात घालू. चिकोडीत जन्म, बेळगावात हलाखीतले बालपण, मुंबईत रसायनशास्त्राचे शिक्षण, १९७९ मध्ये अमेरिकेला प्रयाण, तिथे डॉक्टरेट, मग कर्ज काढून विकत घेतलेली छोटी प्रयोगशाळा आणि तिचा वाढवलेला उद्योग. २०१० च्या सुमारास तो डोलारा कर्जाखाली कोसळला. त्यानंतर त्यांनी मिशिगनमध्ये नवी प्रयोगशाळा उभी केली आणि काही वर्षांनी तिच्यातला मोठा हिस्सा विकून पुन्हा संपत्ती मिळवली. त्यांचे मराठी आत्मकथन महाराष्ट्रात आवडीने वाचले गेले ते उगाच नव्हे. धंद्यात बुडालेल्या माणसाने त्याच धंद्यात पुन्हा उभे राहणे, इथे पायरीचा सिद्धांत चालतो. लेखकमहाशयांनी प्रयोगशाळेचा नियम उचलून मतपेटीला लावला, आणि चूक तिथे झाली.

आता मतपेटीकडे वळू. ७ ऑगस्ट २०१८ रोजी मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार ठरवण्याची प्राथमिक निवडणूक झाली. ग्रेचेन व्हिटमर यांना ५२ टक्के मते मिळाली, अब्दुल अल-सईद यांना ३० टक्के, आणि ठाणेदारांना जेमतेम १८ टक्के, म्हणजे सुमारे दोन लाख मते. राज्यातल्या ८३ काउंट्यांपैकी एकही त्यांच्या हाती लागली नाही. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर घातले होते. भागाकार केला तर एका मतामागे पन्नास डॉलर पडतात. फेब्रुवारीत सुपर बोल सामन्याच्या प्रक्षेपणात त्यांची जाहिरात झळकली, आणि वसंतातल्या काही जनमत चाचण्यांत ते चक्क पहिले होते. म्हणजे नाव माहीत करून देणे पैशाला जमले होते. प्रत्यक्ष मत द्यायची वेळ आली तेव्हा नाव माहीत असलेल्या माणसाला लोकांनी तिसऱ्या क्रमांकावर बसवले. आपण पुरोगामी असल्याचे ते सांगत होते. रिपब्लिकन पक्षाकडून उभे राहण्याचाही त्यांनी विचार केला होता अशा बातम्या प्रचारात आल्या, ठाणेदारांनी त्या फेटाळल्या. खरेखोटे काहीही असो, उमेदवार नेमका कशासाठी उभा आहे याबद्दल मतदाराच्या मनात शंका होती, आणि दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीने ती फिटली नाही.

या पराभवातून ते शिकले आणि म्हणून जिंकले, असा दावा आहे. शिकले काय ते आकड्यांत पाहू. २०२० मध्ये ते राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभे राहिले. त्या सभागृहात ११० जागा आहेत, त्यातली डेट्रॉइटमधली एक त्यांनी निवडली. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातला काँग्रेसचा तेरावा मतदारसंघ निवडला. तिथल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के, म्हणजे बावीस हजारांच्या आसपास मते पडली आणि तेवढ्यावर उमेदवारी मिळाली. तो भाग डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे पुढची लढत नावापुरतीच होती. दोन लाख मते घेऊन हरलेला माणूस बावीस हजार मते घेऊन जिंकला. उंच उडीत पडलेल्या खेळाडूने उडी वाढवली नाही, दांडी खाली आणली. दांडी खाली आणण्यात गैर काही नाही, नियमात ते बसते. पण मग टाळ्या दांडी खाली आणण्याच्या हुशारीला द्या. ‘पराभवाने माणूस उंच होतो’ हे सुभाषित त्या उडीला चिकटवू नका.

याच मुद्द्यावर अजून थोडे थांबतो, कारण लेखकमहाशयांचा सगळा डोलारा याच खांबावर आहे. पराभव हा शिक्षक असेल तर त्याने सगळ्या विद्यार्थ्यांना शिकवायला हवे. त्याच दिवशी, त्याच निवडणुकीत, ठाणेदारांपेक्षा जवळजवळ एक लाख चाळीस हजार मते जास्त मिळवून अल-सईदही हरले. ठाणेदार २०२० आणि २०२२ मध्ये निवडून आले, त्या वर्षांत अल-सईद कुठल्याही पदावर निवडून आलेले नाहीत. शिक्षक एक, वर्ग एक, गुण जास्त, तरी पायरी कुठे गेली? इतक्या लांब जायचीही गरज नाही. घाटघर ज्या शिरूर लोकसभा मतदारसंघात येते, तिथे शिवाजीराव आढळराव पाटील लागोपाठ निवडणुका जिंकल्यानंतर २०१९ मध्ये डॉ. अमोल कोल्हे यांच्याकडून हरले. २०२४ मध्ये पक्ष आणि चिन्ह बदलून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. जुन्नर विधानसभेत मात्र शरद सोनवणे २०१४ मध्ये जिंकले, २०१९ मध्ये हरले आणि २०२४ मध्ये अपक्ष म्हणून परत जिंकले. एकाच पट्ट्यातल्या या दोन गोष्टी. त्यांतली सोयीची तेवढी सांगितली की सुभाषित तयार होते. पडलेल्यांपैकी उठलेल्यांचीच यादी करायची आणि पडण्यामुळे उठता येते असे जाहीर करायचे, या पद्धतीने जगातले काहीही सिद्ध करता येईल. दर निवडणुकीत अनामत गमावून घरी बसणाऱ्या शेकडो उमेदवारांना व्याख्यानाला कोणी बोलावत नाही, म्हणून त्यांचे पराभव हिशेबात येत नाहीत. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणीने यज्ञात दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणांचा हिशेब दगडात कोरून ठेवला आहे. ज्यांचे राज्य बुडवून सातवाहन आले असतील, त्यांची भिंत कुठे आहे?

पैशाचा मुद्दा लेखकमहाशयांनी एका वाक्यात उरकला आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराने स्वतःचा किती पैसा ओतावा याला साधारणपणे मर्यादा नाही. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपयांची आहे आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची. ती कागदावर किती आणि कागदाबाहेर किती, हे सर्वांना ठाऊक आहे, तरी ती कायद्यात आहे. ठाणेदारांनी एका प्राथमिक फेरीत त्या वेळच्या दराने साठ-सत्तर कोटी रुपयांच्या घरात खर्च केला. पहिल्या पराभवानंतर पुन्हा लढण्याची त्यांची ताकद बऱ्याच अंशी तिथून आली. घाटघरचा महादेव कोळी तरुण भाताच्या खाचरावर आणि हिरडा गोळा करून वर्ष काढतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला विधानसभेसाठी पाच हजारांची अनामत भरावी लागते, आणि एक षष्ठांश मते पडली नाहीत तर ती जाते. त्याला ‘हर आणि पुन्हा लढ’ असे सांगणाऱ्याने निदान पहिल्या अनामतीचा चेक सोबत पाठवायला हवा.

मराठी माणसाचा अभिमान बाळगा, असा एक आक्षेप येईल. बाळगू, अभिमानाला पुरावा लागत नाही. राज्यव्यापी प्रचारामुळे ओळख झाली आणि तीच पुढे कामी आली, असा दुसरा आक्षेप येईल. मान्य. २०१८ मध्ये डेट्रॉइटने राज्याच्या सरासरीहून बरा प्रतिसाद दिला, हे त्यांनी ओळखले आणि बिऱ्हाड तिकडे हलवले. आकडे नीट वाचण्याचे श्रेय त्यांचे आहे. ते द्यायला माझी हरकत नाही.

लेखकमहाशयांच्या सल्ल्यात आणखी एक गफलत आहे, आणि ती थेट निवडीच्या जुन्या वादातली आहे. राज्याच्या सर्वोच्च पदासाठी लढा, असे ते घाटघरला सांगतात. महाराष्ट्रात तशी निवडणूकच नाही. घाटघरच्या मतदाराचे एक मत जुन्नर विधानसभेत जाते, एक शिरूर लोकसभेत, आणि मुख्यमंत्री ठरवतात ते आमदार. थेट निवडीचा प्रयोग आपण गावपातळीवर करून पाहिला. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून आला, २०२० मध्ये ती पद्धत गेली, २०२२ मध्ये परत आली. दर वेळी सत्तेवर असलेल्यांना लोकशाहीचा वेगळा अर्थ सापडला. हा वाद आता पुन्हा उकरत नाही, पण त्यातली एक गोष्ट इथे लागू पडते. थेट निवडीत हरणाऱ्याला काहीच उरत नाही. मिशिगनमध्ये ठाणेदारांच्या दोन लाख मतदारांना त्या पराभवानंतर बसायला एकही खुर्ची मिळाली नाही. उलट आपल्या पद्धतीत मुख्यमंत्रिपद हुकलेला नेता निदान विरोधी बाकावरून बोलू शकतो. जिथे पराभवानंतर सभागृहात काहीच शिल्लक राहत नाही, तिथे हरलेल्यावरची जबाबदारी वाढते. लेखकमहाशयांनी तीच नेमकी काढून घेतली आणि जागी प्रेरणा ठेवली.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही हरले होते, मग त्यांच्या पराभवांनाही तुम्ही हाच न्याय लावणार का? लावतो. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे चौदा हजार मतांनी हरवले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पराभूत झाले. मतदारसंघ त्यांनीही बदलला, हे खरे. पण मुंबई आणि भंडारा या दोन्ही ठिकाणी पक्ष तोच होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, आणि प्रश्नही तोच होता. ते गेल्यानंतर १९५७ मध्ये फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बरोबरीने लढून जागा जिंकल्या. दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. उमेदवार हयात नसतानाही त्याच्या पराभूत मतांचे काम चालू राहिले. बाबासाहेबांच्या पराभवांची थोरवी त्यात आहे. ते स्वतः पुढे कुठे निवडून आले, या प्रश्नाने ती मोजता येत नाही.

इथेच माझी कसोटी मिळते. पराभवानंतर काहीतरी कायम राहायला हवे: एक तर तोच मतदार, नाहीतर तोच प्रश्न. सोनवणे त्याच जुन्नरच्या मतदारांकडे परत गेले, म्हणून त्यांच्या २०२४ च्या विजयाबद्दल, तो आवडो न आवडो, तिथल्या मतदाराने विचारपूर्वक दिलेला निकाल असे म्हणता येते. फेडरेशनचे मतदार बदलले, प्रश्न टिकला. ठाणेदारांच्या या तीन लढतींत पद बदलले, मतदारसंघ बदलला, मतदार बदलले. कायम राहिला तो उमेदवार आणि त्याचे चेकबुक. अशा प्रवासाला यशस्वी कारकीर्द म्हणावे. तिच्यातला पराभव मात्र मतदाराच्या काही कामाचा नाही.

घाटघरला सांगायचेच असेल तर एवढे सांगता येईल. निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्रावरची उमेदवारवार मते नमुना २० मध्ये जाहीर करतो. हरलेल्या उमेदवाराने तो कागद घेऊन आपल्याला मते मिळालेल्या गावांत आणि न मिळालेल्याही गावांत जावे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिम जुन्नर-आंबेगावातली हिरड्याची झाडे मोडून पडली. भरपाईसाठी तिथल्या आदिवासींना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. पडलेल्या उमेदवारासाठी पाच वर्षांचे काम तिथे पडून होते, त्यासाठी आमदारकीची गरज नव्हती. पुढच्या वेळी असा उमेदवार मत मागायला आला की गावाने त्याला त्याच्या जिद्दीची गोष्ट विचारू नये. गेल्या खेपेला आमच्या केंद्रावर तुम्हाला किती मते पडली आणि त्या मतांचे तुम्ही काय केलेत, हे विचारावे. उत्तर आले नाही तर त्याला पुन्हा हरवायला घाटघर मोकळे आहे.