देवीला स्लॅब कशाला?

देवीला विचारून झालंय, कौल उजवा मिळालाय, तेव्हा आता बाईंनी मध्ये बोलू नये, असं मला गेल्या ग्रामसभेत सांगण्यात आलं. सांगणारा माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. आता मुंबईत बांधकामाची छोटी-मोठी कंत्राटं घेतो आणि गावच्या मुंबई मंडळाचा सरचिटणीस आहे. मंडळाने देवीच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी जमवली आहे. जांभ्याच्या जोत्यावरचं कौलारू देऊळ उतरवून तिथे आरसीसीचं मंदिर, पुढे दोनशे माणसं बसतील असा सभामंडप, सभोवार पेव्हर ब्लॉक, एक हायमास्ट दिवा आणि गाडी थेट दारापर्यंत जाईल असा रस्ता, असा आराखडा आहे. हे सगळं बसवायचं म्हणजे देवळाभोवतीच्या राईतली, देवीच्या राखीव रानातली झाडं जाणार. खर्चाला कमी पडेल तेवढे पैसे त्याच झाडांच्या लाकडातून उभे राहतील, असंही त्याने मांडलं. देवीची झाडं विकून देवीला स्लॅब. या हिशेबाला सभेत टाळ्या पडल्या.

गावाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. तसंही संगमेश्वरापासून दोडामार्गापर्यंत कुठल्याही एसटी थांब्यावर उतरा, थोड्याफार फरकाने हीच गोष्ट ऐकायला मिळेल.

कौल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या लहानपणी देवी पुष्कळदा नाही म्हणायची. एका वर्षी शाळेच्या छपराला वासे हवे होते म्हणून गावाने राईतले दोन ऐन मागितले. डावा कौल आला. शाळा आणखी एक पावसाळा गळत राहिली आणि आम्ही पोरं एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसून पाढे म्हणत राहिलो. कोणी कुरकुर केली नाही असं नव्हे, पण कुऱ्हाड घेऊन कोणी गेलं नाही. आता डावा आला की पुन्हा पाकळ्या लावतात, उजवा मिळेपर्यंत. कौलावर माझा विश्वास आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवते. पण नकार ऐकून घ्यायची गावाला एक सवय होती, ती मोडली. झाडं तोडली गेली तर ती या मोडलेल्या सवयीमुळे.

ही राई आहे तरी केवढी? पाच-सहा एकर असेल. बाहेरून पाहिलं तर डोंगराच्या कुशीतला एक गडद ठिपका. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं आहे, बहुतेक डोंगर खासगी मालकीचे. ठरावीक वर्षांनी ठेकेदार येतो, तोड होते, लाकूड ट्रकने घाट चढतं आणि डोंगरावर पुन्हा मनगटाएवढे फुटवे येतात. ते फुटवे भरायच्या आत पुढची तोड. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत दोघा माणसांच्या कवेत न मावणारं झाड बघायचं असेल तर देवीकडेच जावं लागतं. तिथे बेहडा आहे, सातवीण आहे, किंजळ, बकुळ, रानआंबा. गारंबीचा वेल आहे, त्याची शेंग पहिलीतल्या पोराच्या उंचीची भरते. आणि धनेश आहेत. आमच्याकडे त्यांना गरुड म्हणतात. या पक्ष्याला घरटं करायला म्हाताऱ्या झाडाची मोठी ढोली लागते. मादी आत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि मग अंडी-पिल्लांच्या त्या काळात नर तिला त्या फटीतून फळं भरवतो. तिथून उडताना वाटेत तो बिया टाकत जातो. मनगटाएवढ्या फुटव्यात ढोली नसते. बेहडा गेला की गरुड गेला, इतका सरळ हिशेब आहे, आणि नवा बेहडा तेवढा व्हायला किती पिढ्या लागतात ते सभामंडपाच्या आराखड्यात कुठे लिहिलेलं नाही.

पण मी राईची बाजू घेते ती गरुडासाठी नव्हे, पाण्यासाठी. आणि इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. माझ्या लहानपणी या राईत बायकांनी शिरायचं नाही असा दंडक होता. आमची हद्द पऱ्यापर्यंत. राईच्या पायथ्याशी तो वाहतो, तिथे हंडे भरायचे आणि मागे फिरायचं. मी आत पहिल्यांदा गेले तेव्हा माझी नोकरी संपत आली होती. बौद्धवाडीतल्या माणसांना तर पऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी भरायचीही मुभा नव्हती. खालच्या डोहावर भरायचं. देवराई म्हणजे आपल्या पूर्वजांचं थोर पर्यावरणभान, असली भाषणं मी खूप ऐकली आहेत. त्या पूर्वजांमध्ये आम्ही कुठे होतो, हे त्यात कधी नसतं. ती भीती आणि ती विटाळाची उतरंड परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. गेली ते बरं झालं. मात्र बायका पऱ्यावर रोज जात होत्या, म्हणून राई कशासाठी आहे हे मानकऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. मानकऱ्यांना त्यात देवी दिसे, बायकांना मे महिन्यातलं पाणी.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. बाहेरच्यांना हे खोटं वाटतं. जांभा खडक सच्छिद्र, डोंगर उतरते आणि समुद्र जवळ. उघड्या सड्यावर पडलेलं पाणी थांबत नाही. राईत मात्र वर्षानुवर्षांचा पातेरा कुजून माती झालेली असते, मुळांनी जमीन पोखरलेली असते, पाणी तिथे मुरतं आणि सावकाश बाहेर येतं. आमच्या नळपाणी योजनेची विहीर कुठे खणली आहे माहीत आहे? त्याच पऱ्याच्या काठाला, राईच्या खाली. ज्या घरात आज बटण दाबून टाकी भरते, त्या घरातल्या मुलाला राईचा आणि आपल्या नळाचा संबंध ठाऊक नाही. तो मुलगा मोठा होऊन सरचिटणीस होतो. शिकवण्यात काय राहिलं, याचा विचार शाळांनीही करायला हवा.

पाण्याचं हे शहाणपण काही एका आमच्याच गावचं नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद करत हिंडत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तेव्हा वनखात्याच्या तोडीच्या यादीत आली होती. गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे धाव घेतली, आणि ती राई का हवी याचं त्यांनी दिलेलं कारण पाण्याचं होतं. राई वाचली. त्याच्याही खूप आधी, इंग्रजी अमदानीत, हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी देवराया झपाट्याने नाहीशा होत असल्याची खंत लिहून ठेवली होती. म्हणजे हे मरण जुनं आहे. फरक इतकाच की तेव्हा कुऱ्हाड सरकारची असे आणि गाव आडवं येई. आता कुऱ्हाड आमच्याच मंडळाची आहे, मग आडवं कोणी यायचं?

बरं, यातला कोणीही निसर्गाचा वैरी नाही. उलट सगळे निसर्गप्रेमी आहेत! माझा तो विद्यार्थी दर पावसाळ्यात मुंबईहून मित्रांना आणतो, धबधब्याखाली फोटो काढतो, त्याच्या मोबाइलवर धुक्यातल्या राईचं चित्र आहे. जून महिन्यात राईच्या कडेला वृक्षारोपण झालं, त्यात गुलमोहर, काशीद आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. जंगलात गुलमोहर! नंतर स्वच्छता अभियान झालं. तरुणांनी हौसेने खराटे घेऊन राईतला पातेरा झाडून काढला आणि ढीग करून पेटवला. जमीन कशी लख्ख दिसत होती. त्या पातेऱ्यात गांडुळं होती, बेहड्याची रुजू घातलेली बी होती, पुढच्या मेचं पाणी होतं. कचराकुंडी म्हणून तोंड उघडलेला सिमेंटचा ससा बसवायचीही सूचना आली होती. तो ससा तेवढा मी हाणून पाडला.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. आपल्याला निसर्गाबद्दल प्रेम कमी पडत नाही. प्रेम उदंड आहे. त्या प्रेमात हवं ते घेण्याची मोकळीक मात्र सगळी आपल्याकडे आहे. पूर्वीच्या गावाने राईवर प्रेम केलं असेल असं मला वाटत नाही. संध्याकाळनंतर तिकडे कोणी फिरकत नसे, मुलांना तिचा धाक घालत. तरीही तिच्यातली वाळकी काटकी चुलीपर्यंत आली नाही, कारण घ्यायचं नाही असं ठरलं होतं, आणि ते ठरवणारा माणूसही स्वतःसाठी ते मोडू शकत नव्हता. देवीची भीती गेली, तर तिच्या जागी दुसरं काही ठरवायला हवं होतं. तेवढं राहून गेलं. पोकळी राहिली आणि तिच्यात पेव्हर ब्लॉक आले.

ठरवण्याच्या वाटा आहेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरण म्हणजे देवरायांच्या प्रकरणात निकाल दिला. एकेका राईची जमिनीवर आणि उपग्रहाने मोजणी करा, तिला वन्यजीव कायद्याखाली संरक्षण द्या, असं राजस्थान सरकारला सांगितलं. देशभरातल्या देवरायांसाठी धोरण आखावं, अशी शिफारस केंद्राला केली. महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. या राज्याने न्यायालयाच्या आदेशाची वाट का बघावी? सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे कानळाची राई आहे. पाणथळ जागेत वाढणाऱ्या रानजायफळाचं जंगल तिथे टिकून राहिलं आहे, पाण्यातून वर आलेल्या मुळांसकट. महाराष्ट्रात ते इतकं दुर्मीळ की २०२१ साली सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र अडीच हेक्टरांच्या थोडं वर, फार मोठं नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईतही असंच रानजायफळ आहे. दोन्हीकडे ते देवाच्या नावावर राहिलं म्हणून शास्त्रज्ञांना सापडलं.

आमच्या राईत रानजायफळ नाही. दुर्मीळ म्हणावं असं काही निघेल की नाही, कोणी पाहिलेलंही नाही. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असते. आमच्या नोंदवहीत राईचा उल्लेख एका ओळीचा आहे आणि त्यातही झाडांची नावं नाहीत. अनेक देवरायांच्या सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचं नाव असतं आणि गाव मात्र ती आपलीच समजून चालतं. सरकारला तिची आठवण नसते आणि गावाला कागदाची. दोघांच्या मधून ट्रक जातो.

मंदिर नको असं मी म्हटलेलं नाही, तरी सभेनंतर तसंच पसरवण्यात आलं. छप्पर गळतं, वासे कुजलेत, दुरुस्ती व्हायलाच हवी. ती जुन्या जोत्यावर, त्याच मापात, कौलांनीच व्हावी. आमचे गुरवकाका तर म्हणतात, मूळ पाषाणाला छप्परच नव्हतं, ते त्यांच्या आजोबांच्या वेळी आलं. कोकणात कितीतरी ठिकाणी देवीला डोक्यावर छप्पर चालत नाही असं अजूनही मानतात. तेव्हा स्लॅब ही देवीची मागणी आहे असं निदान तिच्या नावावर खपवू नये. वर्गणीतून आधी भूमी अभिलेखची मोजणी आणावी, हद्दीचे दगड रोवावेत आणि हद्दीच्या आत काय करायचं नाही याचा ग्रामसभेने ठराव लिहावा. तो लिहिताना बायका आणि बौद्धवाडी दोन्ही हजर असावीत. पूर्वीचा दंडक आम्हाला न विचारता झाला होता, आताचा तरी तसा नको. लाकूडविक्रीचा विषय आराखड्यातून पुसून टाकावा. पैसे कमी पडत असतील तर मंदिर लहान करावं.

सभामंडपासाठी एसटी थांब्यामागे गावठाणाची पडीक जागा आहे. तिथे लग्नं होतील, नमन होईल, चाकरमान्यांच्या गाड्याही लागतील. तिथून देऊळ चालत वीस मिनिटांवर आहे आणि वाट चढाची आहे, म्हाताऱ्यांना जमत नाही, हा मंडळाचा मुद्दा खरा आहे. मलाही ती वाट आता एका दमात चढवत नाही. पण म्हाताऱ्यांसाठी देवी दर शिमग्याला पालखीतून दारात येतेच की.