कुसळ, मुसळ आणि आपली चळवळ

"आधी तुमच्यातल्या पोटजाती मिटवा, मग आम्हाला शिकवा." जातिव्यवस्थेवर बोलायला उभे राहिलो की हे वाक्य ठरलेले. बोलणाऱ्याला आपल्या पोटजातींची काळजी नसते, त्याला आपले तोंड बंद करायचे असते. म्हणून आपणही उलट टोला हाणून मोकळे होतो. पण प्रश्न विचारणाऱ्याची नियत खोटी म्हणून प्रश्न खोटा ठरतो का?

बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात, ७ व्या अध्यायात, कुसळ-मुसळाचा दृष्टांत आहे. लोक त्याचा अर्धाच भाग सांगतात. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला नीट दिसेल, असे येशू पुढे सांगतो. कुसळ राहू दे, असे तो म्हणत नाही. आत्मपरीक्षण टीका थांबवण्यासाठी नाही, नजर साफ करण्यासाठी आहे.

ख्रिस्ती झालेल्यांतही जात टिकली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आणि आपले तरुण ते हिरिरीने सांगतात. त्यांनी आणखी एक लिखाण वाचावे. १८५५ साली मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या मातंग विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. तिने पेशवाईचे आणि ब्राह्मणी धर्माचे वाभाडे काढले. पण महारही मांगांना कमी लेखतात, त्यांचा विटाळ मानतात, हेही तिने लपवले नाही. दुसऱ्या आरोपाने पहिल्याची धार कमी झाली नाही. उलट तिच्या शब्दावर विश्वास बसतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच केले. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, आपसातली उच्चनीचता काढून टाका, असे त्यांनी आपल्याच माणसांना खडसावले आणि २० मार्चला चवदार तळ्यावर नेले. आत्मशुद्धी संपेपर्यंत सत्याग्रह थांबवला नाही आणि सत्याग्रहाच्या नावाखाली आत्मशुद्धी टाळली नाही.

आज काय चित्र आहे? धम्मदीक्षेला सहा दशके उलटून गेली, तरी स्थळ पाहताना पोटजात विचारली जाते. विहारात भगिनी गर्दी करतात, समितीत मात्र एखादीच दिसते. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने उपवर्गीकरणाला मान्यता दिली. या धोरणाला विरोध करण्याचा हक्क आपल्याला आहे. पण मातंग बांधवांना 'फुटीर' म्हणण्यापूर्वी जयंतीच्या मंचावर, अभ्यासवर्गात, नेतृत्वात त्यांना किती जागा दिली, याचा हिशेब द्यावा लागेल. मुक्ता साळवेचा प्रश्न अजून उभा आहे.

यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. माझ्यात दोष दिसला, ऐकला वा शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. पनवेल, कळंबोली, कामोठ्यातल्या विहारांनी आश्विन पौर्णिमेला नुसते भोजनदान न करता अशी एक बैठकही घ्यावी. मातंग, चर्मकार बांधवांना आणि आपल्या भगिनींना बोलू द्यावे, पदाधिकाऱ्यांनी ऐकावे. उत्तर देण्याची घाई करू नये.

मग कोणी म्हणाले, "आधी तुमचे बघा", तर सांगता येईल, "बघतोय. आता तुमचे बोला."

जय भीम!