वायरीआधी सुई बघा



जुन्या तबकड्यांची खरखर महागड्या वायरने जाते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. गायिका हिराबाई बडोदेकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि तिथला कचराच वाजवते. त्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची वेगळी सुई हवी. दुसरी गोष्ट खोलीची. आमच्या सिमेंटच्या उघड्या भिंतींत ताना घुमून एकमेकींत मिसळत. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, समोर जाड गोधडी टांगली, तसा स्वर न् स्वर सुटा ऐकू येऊ लागला. नव्या रसिकांनी वायरीवर पैसे घालवण्याआधी हे दोन उपाय जरूर करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मोरगाव (ता. बारामती)