कान-शेपूट छाटली की कुत्रा तिखट होतो? गावातला समज, पिल्लांचा बाजार आणि कायदा

वस्तीवर राखणीला आणलेल्या पिल्लाचे कान छाटायचे, नाहीतर शेपटीचा शेंडा तोडायचा, म्हणजे कुत्रं तिखट निघतं, ही समजूत ग्रामीण भागात जुनी आहे. आता तिच्या जोडीला नवी हौस आली आहे. मोबाईलवरच्या रीलमध्ये उभ्या कानांचा, आखूड शेपटीचा डॉबरमन दिसतो. मग पोल्ट्रीला, बागेला, शेतातल्या बंगल्याला तसलाच कुत्रा हवा असतो. समजूत जुनी असो की हौस नवी, कात्री पिल्लावरच चालते.

हे करावं की करू नये यावर जगभर वाद सुरू आहे. आपल्याकडे तो कोर्टापर्यंत गेला, पण गावापर्यंत पोचला नाही. म्हणून पिल्लू घेण्याआधी या वादातल्या दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या.

नेमकं काय करतात?

शेपूट आणि कान ही दोन वेगळी कामं आहेत. शेपूट बहुतेक वेळा पिल्लू तीन ते पाच दिवसांचं असतानाच कापतात. तेव्हा त्याचे डोळेही उघडलेले नसतात. कुणी कात्रीने कापतो, कुणी घट्ट रबर बांधतो. रबराने रक्त पोचत नाही आणि शेपूट सुकून गळून पडते. भूल सहसा दिली जात नाही. "एवढ्या लहान पिल्लाला काय कळतंय" हे नेहमीचं कारण. पण तीन दिवसांच्या पिल्लालाही वेदना होते. ते सांगू शकत नाही, एवढाच फरक.

कान कापायचं काम त्याहून मोठं आहे. पिल्लू साधारण दोन-तीन महिन्यांचं झालं की पूर्ण भूल देऊन कानाची पाळी आकारात कापतात आणि टाके घालतात. एवढ्याने कान उभे राहत नाहीत. पुढे कित्येक आठवडे, कधी काही महिने, पट्ट्या बांधून ते ताठ ठेवावे लागतात. रीलमध्ये दिसतो तो रुबाबदार कान असा तयार होतो. जन्मतः डॉबरमनचे कान खाली पडलेले आणि शेपूट लांबच असते. डॉबरमन, बॉक्सर आणि ग्रेट डेन यांचे कान कापले जातात. डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर आणि कॉकर स्पॅनियल यांची शेपूट कापली जाते.

गावात हेच काम ब्लेडने किंवा विळ्याने होतं. भूल नाही, टाके नाहीत, नंतर औषध नाही. वर हळद किंवा राख दाबली की झालं. पावसाळ्यात अशा उघड्या जखमेवर माशी बसली की दोन-चार दिवसांत किडे पडतात. कानाच्या जखमेत किडे पडले की कुत्रं डोकं झाडत फिरतं. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मरतंही. राखणीला आणलेलं पिल्लू राखणीच्या वयाला पोचतच नाही.

तिखटपणा कानात नसतो

शेपूट तोडण्याची समजूत फक्त आपलीच नाही आणि आजची तर मुळीच नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या शेपटीचं टोक काढून टाकावं असा सल्ला त्यात आहे. असं केलं की कुत्रा पिसाळत नाही, असं त्या काळी मानत. आज आपल्याला माहीत आहे की रेबीज विषाणूमुळे होतो आणि तो थांबतो लसीनेच. शेपूट कापलेला कुत्राही पिसाळतो. ती समजूत खोटी ठरली, कापायची पद्धत मात्र राहिली.

तिखटपणाचंही तसंच आहे. कुत्रा राखण करतो तो त्याच्या जातीमुळे, आईबापाच्या स्वभावामुळे आणि पहिल्या काही महिन्यांत त्याला कसं वाढवलं यामुळे. लहानपणी दुखवलेलं पिल्लू धीट होईलच असं नाही. ते माणसाच्या हाताला घाबरणारं होऊ शकतं. घाबरट कुत्रा चोरावर भुंकेल की नाही ते सांगता येत नाही, पण घरातल्या पोराने अंगावर हात टाकला तर चावू शकतो. राखणदार कुत्रा आणि चावरा कुत्रा यात फरक आहे.

शेपूट ही कुत्र्याची भाषाही आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी यंत्राचा कुत्रा बनवला, त्याला कधी लांब तर कधी आखूड शेपूट लावली आणि मोकळी कुत्री त्याच्याजवळ कशी येतात ते पाहिलं. लांब शेपूट हलत असली की कुत्री बिनधास्त जवळ येत. ती ताठ आणि स्थिर असली की बिचकत. शेपूट आखूड असली तर मात्र ती हलते की स्थिर आहे याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे शेपूट गेली की समोरच्या कुत्र्याला मनसुबा नीट कळत नाही. गल्लीत चार कुत्री समोरासमोर आल्यावर याचा अर्थ काय होतो, ते गावात वेगळं सांगायला नको.

"बिबट्याच्या तोंडी कान सापडतो"

कान कापण्यामागे एक व्यवहारी कारणही सांगतात. तुर्कस्तान आणि मध्य आशियातले मेंढपाळ आपल्या मोठ्या राखणदार कुत्र्यांचे कान छाटत आले, कारण लांडग्याशी झटापट झाली तर त्याला धरायला कान मिळू नये. आपल्याकडे हीच गोष्ट बिबट्याबद्दल बोलली जाते.

पण बिबट्या कानाला धरत नाही. तो गळा आणि मान धरतो. कान छाटल्याने गळा वाचत नाही. हिमालयातले मेंढपाळ यावर वेगळा उपाय करतात. ते कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा रुंद पट्टा घालतात. जिथे जबडा बसतो तिथेच संरक्षण. बिबट्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं ते उघड आहे: रात्री कुत्रा साखळीला उघड्यावर न ठेवता बंदिस्त जागेत ठेवावा आणि गळ्यात चांगला पट्टा असावा.

कान कापले की कानात घाण साठत नाही, हेही कारण पुढे केलं जातं. पण कानाच्या आजाराला सगळ्यात जास्त बळी पडणाऱ्या जातींत कॉकर स्पॅनियल येतो. त्याचे कान कुणीच कापत नाही, उलट त्याची शेपूट कापतात. यावरून कात्री आजार बघून चालते की फॅशन बघून, ते समजतं.

आपल्या मातीतला करवानी बघा. दख्खनच्या पठारावरचा हा शिकारी कुत्रा, कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. त्याचे कान पडलेले आणि शेपूट लांब निमुळती असते. सशामागे वाऱ्यासारखा पळताना तो वळतो तेव्हा तीच शेपूट तोल सांभाळते. त्याला तिखट करायला कुणाला कात्री लागली नाही.

"बैलाला वेसण चालते, मग हे का नाही?"

हा प्रश्न पारावर हमखास निघतो आणि तो रास्त आहे. बैलाला वेसण घालतात, खच्ची करतात, डाग देतात. मग कुत्र्याच्या कानाचं एवढं काय?

उत्तर १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातच आहे. कलम ११ नुसार प्राण्याचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणं गुन्हा आहे. त्याच कलमात काही अपवाद दिले आहेत: गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं आणि वेसण घालणं, तेही ठरवून दिलेल्या पद्धतीने. शेतीच्या कामाची गरज म्हणून ही सूट आहे. कुत्र्याचे कान आणि शेपूट या यादीत नाहीत.

दुसरा प्रश्न असतो सरकारी कानकापणीचा. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसते, ती का? ती खूण आहे. नसबंदीच्या वेळी कुत्रा भुलीखाली असतानाच ती दिली जाते, म्हणजे तोच कुत्रा पुन्हा पकडून पुन्हा टेबलावर घेतला जात नाही. त्या खाचेचा फायदा कुत्र्यालाही होतो आणि गावालाही. दिसण्यासाठी कापलेल्या कानाचा फायदा फक्त विकणाऱ्याला होतो.

कायदा आहे, पण दंड पन्नास रुपये

भारतीय पशुकल्याण मंडळाची भूमिका स्पष्ट आहे: दिसण्यासाठी कान-शेपूट कापणं ही क्रूरता आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेनेही २०११ मध्ये डॉक्टरांना यापासून लांब राहायला सांगितलं. त्याविरुद्ध केनेल क्लब ऑफ इंडिया मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला. डॉक्टरने शास्त्रीय पद्धतीने केलेली शस्त्रक्रिया म्हणजे विद्रूप करणं होतं का, हा खरा वादाचा मुद्दा. १९६० च्या कायद्यात शेपूट किंवा कान असा शब्द नसल्याने ही वाट उघडी राहिली.

पण ब्लेडने घरी कापणाऱ्याला या निकालाची ढाल मिळत नाही. तिथे डॉक्टरही नसतो आणि भूलही नसते.

अडचण शिक्षेची आहे. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्या काळी हे आकडे ठरले तेव्हा पन्नास रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात दोघांचा चहा-नाश्ता होत नाही. शिक्षा वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता. दुसऱ्याचं कुत्रं मुद्दाम जायबंदी केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं काय?

त्यांचा एक मुद्दा वजनदार आहे. दाट झाडीत शिकारीला जाणाऱ्या कुत्र्यांची शेपूट काट्याकुट्यांत फाटते. स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांच्या पाहणीत शेपूट न कापलेल्या स्पॅनियलपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना एका हंगामात शेपटीला इजा झाल्याचं आढळलं. त्यानंतर स्कॉटलंडने २०१७ मध्ये शिकारीच्या ठरावीक जातींना मर्यादित सूट दिली: पिल्लू पाच दिवसांच्या आतलं, शेपूट जास्तीत जास्त एक तृतीयांश आणि काम डॉक्टरच्याच हातून.

पण साध्या पाळीव कुत्र्याचं गणित वेगळं निघालं. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ लाख ३८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यात शेपटीच्या दुखापती निघाल्या २८१. एक दुखापत टाळायची तर सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील, असा हिशेब त्यातून आला. दारात बसून राखण करणारा कुत्रा या दुसऱ्या गटात मोडतो.

दुसरा मुद्दा असा की बंदी घातली तर लोक अर्धवट माहितीच्या माणसाकडे जातील. ही भीती खोटी नाही. पण गावात आजही काम तसंच होतं. बंदी असो-नसो, गिऱ्हाईक कापलेलं पिल्लू मागतं तोवर कापणारा सापडतोच.

आणि जातीची ओळख? डॉबरमन मूळचा जर्मनीतल्या अपोल्डा गावचा. करवसुली करणाऱ्या कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान याने स्वतःच्या राखणीसाठी ही जात तयार केली. त्याच जर्मनीत १९८७ पासून कान कापायला आणि १९९८ पासून शिकारीच्या कुत्र्यांचा अपवाद सोडून शेपूट कापायला बंदी आहे. इंग्लंडच्या केनेल क्लबने तर १८९८ सालापासूनच कान कापलेल्या कुत्र्यांना प्रदर्शनाचं दार बंद केलं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे चालतं, पण तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २००८ मध्ये दिसण्यासाठी कापण्याला विरोध जाहीर केला. म्हणजे मायदेशातला डॉबरमन लांब शेपटीने फिरतो आणि आपल्याकडे "ओरिजिनल" म्हणून कापलेला विकला जातो.

पिल्लू घेताना काय बघायचं?

- पैदास करून कुत्री विकणाऱ्याला २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी दाखवा म्हणा.
- आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. त्याआधीच शेपूट कापलेली असेल तर ते काम विकणाऱ्याकडे झालंय. कुणी आणि कुठे केलं ते विचारा.
- पिल्लू सांगायचं असेल तर जन्माआधीच सांगा: शेपूट राहू द्या. जन्मानंतर तीन दिवसांत ही संधी जाते.
- आईबाप डोळ्यांनी बघा. पिल्लाचा स्वभाव तिथे कळतो.
- कान कापायला लागणारे पैसे रेबीजच्या लसीला, जंताच्या औषधाला आणि चांगल्या पट्ट्याला घाला.
- पिल्लाला आधीच जखम असेल तर राख, रॉकेल, बॅटरीतलं पाणी असलं काही लावू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर विचारा.

कायद्याचा दंड वाढेल तेव्हा वाढेल. तोवर पिल्लाचं काय करायचं हे विकत घेणाऱ्याच्या हातात आहे. "शेपूट कट आहे का?" असं विचारणारे कमी झाले, तर कापणारेही कमी होतील.